डेबियन १२ वरून १३ वर जायचंय, सहा वर्षांत डिस्क एकदाही पुसलेली नाही

शाईचा_डाग

प्रश्न जुनाच आहे, पण माझ्या लॅपटॉपची कुंडली जरा वेगळी आहे, म्हणून स्वतंत्र धागा काढते.

लॅपटॉप एकच आणि पोट त्याच्यावर. मी पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितशोधन करते. २०१९ साली त्यावर डेबियन १० ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, २०२१ मध्ये त्याच्यावरच ११ चढवलं, २०२३ मध्ये १२. ऑगस्ट २०२५ मध्ये १३ म्हणजे ट्रिक्सी आलं तेव्हा हात शिवशिवले होते, पण पहिल्या आवृत्तीतल्या चुका दुसऱ्या छपाईत निघतात हे धंद्यातच शिकले आहे, म्हणून एकदोन दुरुस्त्या होऊ दिल्या. आता मात्र टाळण्यात अर्थ नाही. बुकवर्मचा, म्हणजे १२ चा, मुख्य सुरक्षा आधार जून २०२६ पर्यंतच आहे, पुढे ते एलटीएसवाल्यांच्या, म्हणजे जुन्या आवृत्त्या पुढेही सांभाळणाऱ्यांच्या, ओटीत.

मग अडतंय कुठे? आधीच्या दोन वेळी मशीन साधं होतं. मधल्या काळात मी त्यात काय काय कोंबलंय ते मलाच नीट आठवत नाही. आठवतंय तेवढं सांगते.

मूळ डिस्क ल्युक्स या एन्क्रिप्शनने कुलूपबंद, आत एलव्हीएम (डिस्कचे लवचीक भाग पाडायची सोय). डीव्हीडीच्या खणात नंतर बसवलेली दुसरी एसएसडी, तीही कुलूपबंद, तिच्यात छापून झालेली सगळी पुस्तकं. /बूट, म्हणजे मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या फाइलींचा भाग, वेगळं आहे आणि फक्त २३६ एमबीचं, त्यातले २०८ भरलेत. स्कॅनरसाठी त्याच्या कंपनीची एक ३२-बिटी डेब (डेबियनच्या पॅकेजची) फाइल. ब्राउझर त्याच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून). दोन पॅकेजं बॅकपोर्ट्समधली, म्हणजे जुन्या डेबियनसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्या. ग्नोम डेस्कटॉपवर चार एक्स्टेन्शन. आणि सगळ्यात नाजूक म्हणजे मी स्वतः लिहिलेला, खरं तर जोडूनजाडून उभा केलेला पायथनचा प्रोग्राम. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो युनिकोडमध्ये आणतो. र्‍ह आणि ऱ्य यांच्यासाठी त्यात ज्या खटपटी केल्या आहेत त्या पुन्हा करायची ताकद माझ्यात नाही.

वर चढवू की पुसून नवं टाकू? मला आहे तेच घर हवंय, फक्त छप्पर नवं.

"आधी बॅकअप घ्या" हे कृपया कोणी लिहू नका. घेतलाय.

जाता जाता: माळ्यावर एक जुनं ३२-बिटी नेटबुक आहे, त्यावरही बुकवर्मच चालतंय. त्यालाही सोबत न्यायचा विचार आहे.

खुडबुड्या

पुसा आणि नवं टाका. अर्ध्या तासाचं काम. /होम, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइली, परत आणून ठेवलं की संपलं. सहा वर्षांचा गाळ कशाला पुढे ओढायचा? मी दर सहा महिन्यांनी करतो, मजा येते.

शाईचा_डाग

तुम्हाला मजा येते कारण तुमच्या मशीनवर दुसऱ्या दिवशी कोणाचं पुस्तक छापायला जायचं नसतं. अर्ध्या तासात सिस्टीम बसेल, मान्य. पुढचे तीन आठवडे "अरे, हे पण होतं की आपल्याकडे" म्हणत काढावे लागतात त्याचं काय?

जुनाजोगी

ताई, तुम्ही म्हणता तसंच करा, वर चढवा. डेबियन यासाठीच वापरायचं असतं. माझ्याकडचं एक मशीन डेबियन ६ पासून असंच पायऱ्या चढत आलंय. अट एकच, पायरी गाळायची नाही, १० वरून थेट १२ असले प्रकार करायचे नाहीत. ती तुम्ही पाळली आहेच.

पण बॅकअप घेतलाय म्हणता तो कशाचा? /होमचाच असणार. /ईटीसी (सगळ्या सेटिंगांची जागा) घेतलंत का? /व्हार/लिब/डीपीकेजी? /व्हार/लिब/एपीटीमधली एक्स्टेंडेड-स्टेट्स नावाची फाइल? 'डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स'ची यादी? काय काय कोंबलंय ते आठवत नाही म्हणालात, त्याचं उत्तर या चार ठिकाणी लिहिलेलं असतं. मशीन कोसळलं तर /होम तुमची पुस्तकं परत देईल, घर परत देणार नाही.

आता तुमच्या यादीकडे. सगळ्यात आधी /बूट, कारण अपग्रेड मध्येच अडकायचं असेल तर तिथेच अडकेल. ट्रिक्सीच्या अधिकृत टिपणांत /बूट निदान ७६८ एमबीचं असावं आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळे असावेत असं लिहिलंय. बस्टरच्या (१० च्या) काळात बसवलेल्यांना त्यात खास इशारा आहे. तुमचं अख्खं /बूटच २३६ आहे. नियमाने पाहिलं तर इथेच "नवं टाका" म्हणायला हवं. पण निभावता येतं. २०८ भरलेत म्हणजे तीन कर्नल (सिस्टीमचे गाभे) बसलेत, आणि जागा कर्नल खात नाही, त्याच्या शेजारची इनिटआरडी, म्हणजे सुरू होताना मेमरीत चढणारी फाइल, खाते. जगातल्या यच्चयावत हार्डवेअरचे ड्रायव्हर ती पोटात घेऊन बसलेली असते. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्समधल्या मुख्य फाइलीत 'मॉड्यूल्स=मोस्ट' आहे तिथे 'मॉड्यूल्स=डेप' करा, म्हणजे ती फक्त तुमच्या मशीनला लागणारेच ड्रायव्हर घेईल. मग चालू कर्नल सोडून बाकीचे पर्ज करा (मुळासकट काढा), 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा, आणि आत्ताच, बुकवर्मवर असतानाच, एकदा रीबूट करून बघा. पुढे कधी ही डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घातलीत तर ती कदाचित सुरू होणार नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

कुलुपाबद्दल. कुलूपबंद डिस्क आपोआप उघडण्याचं काम आधी सिस्टमडीच्या (मशीन सुरू करून सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मुख्य पॅकेजातच होतं. ट्रिक्सीत ते 'सिस्टमडी-क्रिप्टसेटअप' नावाच्या वेगळ्या पॅकेजात गेलंय. ते आपोआप येतं, त्याची काळजी नको.

बाहेरून आणलेलं काय काय आहे ते एपीटीलाच, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामलाच, विचारा. 'एपीटी लिस्ट'ला "बसवलेलं, पण मूळ डेबियन नाही" असा पॅटर्न देता येतो, तो टिपणांत आयता दिलाय. ब्राउझरच्या रिपॉझिटरीची ओळ तात्पुरती बंद करा, बॅकपोर्ट्सचीही. स्कॅनरची ३२-बिटी फाइल बहुधा चालत राहील. ट्रिक्सीत आय-३८६ (३२-बिटी पीसीचं) आर्किटेक्चर उरलंय ते ६४-बिटी मशीनवर असली जुनी सॉफ्टवेअर चालवण्यापुरतंच. २०३८ च्या तारखेच्या घोळासाठी (३२ बिटांचा वेळेचा आकडा तेव्हा संपतो) बाकीच्या ३२-बिटी आर्किटेक्चरांवर वेळेचा आकडा ६४ बिटांचा केला, आय-३८६ला मात्र मुद्दाम वगळलं, कारण तो बदलला असता तर नेमकी असली बंद डब्यातली जुनी सॉफ्टवेअर मोडली असती.

यावरून नेटबुकचंही उत्तर मिळतं. ट्रिक्सीत ३२-बिटी पीसीसाठी कर्नलच नाही आणि इन्स्टॉलरही नाही. त्याला हात लावू नका.

ग्नोमची एक्स्टेन्शनं आधीच बंद करून ठेवा. तुम्ही ४३ वरून ४८ वर जाताय. मध्ये २०२३ मध्ये आलेल्या ४५ ने एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली, त्यामुळे जुनी एक्स्टेन्शनं जशीच्या तशी चालत नाहीत.

प्रत्यक्ष करताना ग्नोमच्या खिडकीत बसून करू नका. कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर जा, 'स्क्रिप्ट'ने सगळं फाइलीत नोंदवायला लावा. सोर्सेसमध्ये (पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत) बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी, सिक्युरिटीच्या ओळीतसुद्धा. 'एपीटी अपडेट'. मग 'एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज'. ते झालं की 'एपीटी फुल-अपग्रेड', आणि एंटर दाबायच्या आधी काय काय काढून टाकणार आहे ती यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. तुम्ही मुद्रितशोधक आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

शाईचा_डाग

जोगीबुवा, यादी वाचायचा मान दिलात त्याबद्दल आभार. तुमचा अंदाज बरोबर होता, बॅकअप /होमचाच होता. लाजून बाकीचाही घेतला.

/बूटचं जमलं. तीनपैकी दोन कर्नल काढले, 'डेप' केलं. इनिटआरडी ५८ एमबीची होती ती २७ वर आली, आणि /बूटमध्ये आता ४५ च भरलेत. सहा वर्षं मी जगातल्या सगळ्या लॅपटॉपांचे ड्रायव्हर दर सकाळी उचलत होते हे वाचून हसू आलं. रीबूट केलं, नीट सुरू झालं.

बाहेरच्या पॅकेजांच्या यादीत १९ नावं निघाली. मला पाच आठवत होती. त्यात एक फॉन्ट बघायचं सॉफ्टवेअर होतं जे मी २०२० नंतर उघडलेलं नाही. १४ काढली.

हातातली दोन पुस्तकं आधी संपवली, ही माझी स्वतःची भर. दोन्हींची पीडीएफ काढून बाजूला ठेवली आहे, म्हणजे नंतर ओळी कुठे सरकल्या ते ताडता येईल. लिबरऑफिस ७.४ वरून २५.२ वर जाणार हे पाहून पोटात गोळा आला होता, मग कळलं की त्यांनी मध्येच आकडे साल-महिन्याप्रमाणे मोजायला घेतलेत. जीव भांड्यात पडला, पण पूर्ण नाही.

उद्या सकाळी करते.

शाईचा_डाग

फोनवरून लिहितेय. टंकदोष माफ.

डाउनलोड १.९ जीबी, सगळं मिळून पावणेदोन तास. काढायच्या यादीत वावगं काही नव्हतं. मध्ये तीनदा विचारलं की अमुक फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घेऊ. तिन्ही वेळा माझीच ठेवली. शेवटी एकही त्रुटी नाही. खुशीत रीबूट केलं.

मूळ डिस्कचा पासवर्ड विचारला, घेतला. मग दुसऱ्या एसएसडीच्या नावाने एक ओळ आली आणि दीड मिनिटाचा आकडा मोजत बसली. दीड मिनिट संपलं, आणि आता काळ्या पडद्यावर आणीबाणी मोडमध्ये आहे. रूटचा पासवर्ड मागतोय. तो २०१९ साली वहीत लिहून ठेवला होता, तेवढी अक्कल तेव्हा होती. आत शिरलेय. वायफाय नाही. पुढे?

रात्रपाळी

घाबरू नका, सिस्टीम शाबूत आहे. मूळ डिस्क उघडली म्हणजे कर्नल आणि इनिटआरडी ठीक आहेत. फक्त दुसरी डिस्क उघडली नाही, आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) ती "हवीच" म्हणून लिहिलेली असल्याने तो पुढे जायला तयार नाही.

१. 'नॅनो /ईटीसी/एफएसटॅब' करून दुसऱ्या एसएसडीच्या ओळीपुढे # टाका. फाइल लिहू देत नसेल तर आधी 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /'.
२. रीबूट. ग्नोम यायला हवं, वायफायही.
३. आल्यावर 'डीपीकेजी -एल' मध्ये सिस्टमडी-क्रिप्टसेटअप आहे का ते बघून इथे सांगा. मला शंका आहे की नाही.

शाईचा_डाग

ग्नोम आलं. हे लॅपटॉपवरून लिहितेय.

सिस्टमडी-क्रिप्टसेटअप नाही. जोगीबुवा तर म्हणाले होते आपोआप येतं?

रात्रपाळी

येतं, पण शिफारस म्हणून येतं, सक्तीचं अवलंबित्व म्हणून नाही. तुमच्या एपीटीत शिफारशी बंद आहेत का? /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी मध्ये 'इन्स्टॉल-रेकमेंड्स' आणि त्यापुढे 'फॉल्स' असलेली फाइल शोधा.

शाईचा_डाग

सापडली. फाइलीचं नाव "९९जागा", तारीख मार्च २०२०. तेव्हा मूळ डिस्क लहान होती, जागा पुरत नव्हती, आणि कुठेतरी वाचलं होतं की शिफारशी बंद केल्या की पसारा कमी होतो. डिस्क नंतर मोठी केली, फाइल तशीच राहिली. पहिल्या पोस्टमध्ये "मलाच आठवत नाही" म्हटलं होतं ते हेच. /ईटीसीचा बॅकअप घेताना ही फाइल माझ्या डोळ्यांखालून गेलेली आहे. नाव वाचलं, आत पाहिलं नाही. मुद्रितशोधक!

'एपीटी इन्स्टॉल सिस्टमडी-क्रिप्टसेटअप' केलं, एफएसटॅबमधला # काढला, रीबूट केलं. दोन पासवर्ड विचारले, दोन्ही डिस्क आल्या. पुस्तकं जागेवर आहेत.

रात्रपाळी

आता एफएसटॅबच्या त्या ओळीत पर्यायांच्या रकान्यात 'नोफेल'ची भर घाला. दुसरी डिस्क उद्या खरोखरच मेली तरी लॅपटॉप सुरू व्हायला हवा. आणि ती ९९जागा उडवा.

जुनाजोगी

चूक माझी. "काळजी नको" लिहिताना शिफारशी चालू आहेत हे मी गृहीत धरलं. टिपणांत रीबूटच्या आधी ते पॅकेज आलंय ना हे बघा असं चक्क लिहिलंय, आणि मी ते वाक्य गाळून पुढे गेलो. बरं झालं रूटचा पासवर्ड होता. बसवताना तो रिकामा सोडला की रूट खातं बंद राहतं, आणि मग आणीबाणी मोडसुद्धा "खातं बंद आहे" म्हणून दारातूनच परत पाठवतो. तेव्हा पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टीम सुरू करून, कुलूप उघडून, एफएसटॅब दुरुस्त करावा लागला असता. अशक्य नाही, पण फोनवर वाचत वाचत करायचं काम नव्हे.

खुडबुड्या

मी काही बोलत नाही.

शाईचा_डाग

बोलू नकाच.

शाईचा_डाग

आठवडा झाला, हिशोब देते. पुढच्याला उपयोगी पडेल म्हणून जरा लांबण लावतेय.

पायथनचा प्रोग्राम अपेक्षेप्रमाणे मेला. ३.११ वरून ३.१३ झालं. माझं व्हेन्व्ह (प्रोग्रामची स्वतंत्र पायथन खोली) ३.११ ला बांधलेलं होतं आणि नको झालेली पॅकेजं काढणाऱ्या 'ऑटोरिमूव्ह'ने तो ३.११ च उचलून नेला, त्यामुळे व्हेन्व्ह म्हणजे नुसता सांगाडा. आत काय होतं याची यादी आधी 'पिप फ्रीझ'ने काढून ठेवली होती, म्हणून नवं व्हेन्व्ह दहा मिनिटांत उभं राहिलं. तरी चालेना. कारण मी स्कॅन केलेली फाइल जेपीजी आहे की टिफ हे ओळखायला 'आयएमजीएचडीआर' नावाचं पायथनचं स्वतःचं मॉड्यूल वापरत होते, आणि ३.१३ मध्ये ते काढूनच टाकलंय. त्याच्यासोबत 'सीजीआय', 'टेलनेटलिब' अशी आणखीही बरीच म्हातारी मंडळी गेली. माझं काम होतं फाइलीचे पहिले काही बाइट वाचण्याचं, ते चार ओळींत स्वतःच लिहिलं. र्‍ह आणि ऱ्य सुखरूप आहेत.

मग खरं कोडं. ३०० पानी पुस्तकाचं स्कॅन टाकलं की प्रोग्राम दोनशे-सव्वादोनशे पानांपाशी "डिस्कवर जागा नाही" म्हणून थांबायचा. डिस्कवर ९० जीबी मोकळे! दोन संध्याकाळी मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसले. चूक कोडमध्ये नव्हती. ट्रिक्सीत /टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फाइलींची जागा, डिस्कवर राहिलेलं नाही, ते टीएमपीएफएस म्हणून थेट मेमरीत गेलंय, आणि त्याची कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी. माझी रॅम ८ जीबी, म्हणजे /टीएमपी फार तर ४ जीबी. माझा प्रोग्राम उलगडलेली पानं तिथेच टाकायचा, जवळपास ५ जीबी. 'सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट' केलं तर जुनी पद्धत परत येते असं कळलं, पण तसं केलं नाही. प्रोग्राममध्येच तात्पुरत्या फाइलींची जागा /व्हार/टीएमपी केली. एवढा पसारा मेमरीत जायलाच नको होता. आधीही तो तिथे असणं बरोबर नव्हतं, फक्त खपून जात होतं.

याच शोधात दुसरी गोष्ट हाती लागली. /ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ मध्ये मी स्वॅपिनेस (मेमरीतलं किती लवकर डिस्कवर हलवायचं तो आकडा) १० लिहून ठेवलं होतं आणि मशीन ६० दाखवत होतं. ती फाइल आता सुरुवातीला वाचलीच जात नाही, आपल्या ओळी /ईटीसी/सिससीटीएल.डी मधल्या .कॉन्फ फाइलीत लिहाव्या लागतात. ओळ तिकडे हलवली. यावर कुठलीही त्रुटी येत नाही, इशारा येत नाही, हे मला आवडलं नाही. दीड मिनिट मोजत बसणारी एसएसडी परवडली, निदान बोंब तरी मारत होती.

ग्नोमच्या चार एक्स्टेन्शनांपैकी तीन ४८ साठी मिळाली. चौथं सोडून दिलं, दोन दिवसांनी त्याचं नावही विसरले.

स्कॅनर पहिल्या झटक्यात चालला. सगळ्यात आधी तोच रुसणार असं मी धरून चालले होते. टंकनासाठी आयबसमध्ये इनस्क्रिप्ट होतं तसंच आहे.

आणि ओळी. बाजूला ठेवलेल्या पीडीएफशी ताडून पाहिलं. लिबरऑफिसमधल्या ३१२ पानांच्या पुस्तकात सात ठिकाणी ओळ वेगळ्या जागी तुटली. त्यातल्या एका ठिकाणी परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी गेली आणि तिथून प्रकरण संपेपर्यंत सगळं एकेक ओळ खाली सरकलं. छापलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची तर हे लक्षात ठेवावं लागेल. स्क्रायबस या मांडणीच्या प्रोग्रामची १.५.८ मधली पुस्तकं १.६ मध्ये नीट उघडली, पण मी मूळ फाइलींना हात लावत नाही, प्रत करून तीच उघडते. नव्याने साठवलेली फाइल जुन्यात परत नीट उघडेल यावर माझा भरवसा नाही, आणि मुद्रकाकडे कुठली आवृत्ती असते कोण जाणे.

शिफारशी आता चालू आहेत. ९९जागा उडवली, पण /ईटीसीच्या बॅकअपात आहे, आणि या खेपेला त्या बॅकअपातली प्रत्येक फाइल उघडून वाचते आहे. रोज दहाबारा. आतापर्यंत आणखी दोन अशा सापडल्या ज्या मी का लिहिल्या ते मला सांगता येत नाही.

जुनाजोगी

त्या दोन काय आहेत ते टाका इथे, बघू. आणि 'एपीटी मॉडर्नाइझ-सोर्सेस' केलंत का? एपीटी ३.० ला सोर्सेसच्या फाइली नव्या मांडणीत आवडतात. सक्ती नाही, पण ब्राउझरची ओळ परत चालू करायच्या आधी केलेलं बरं.

शाईचा_डाग

केलं. जुनी फाइल त्याने .बॅक नावाने शेजारीच ठेवली आहे, म्हणजे माझ्यासारखाच स्वभाव दिसतो.

एक फाइल युडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या भागाचा) नियम आहे, कुठल्याशा यूएसबी उपकरणासाठी, नुसता क्रमांक लिहिलेला. दुसरी क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्याची) ओळ, दर महिन्याच्या १ तारखेला मध्यरात्री एक स्क्रिप्ट चालवते. ती स्क्रिप्ट त्या जागी नाही. म्हणजे किती वर्षं हा दर महिन्याला दार ठोठावून परत जातोय देव जाणे.

रात्रपाळी

क्रॉनची ओळ काढा. युडेव्हची ठेवा. तुमचा स्कॅनर पहिल्या झटक्यात का चालला असेल, याचा विचार करा.

शाईचा_डाग

क्रमांक ताडला. स्कॅनरचाच आहे. वर एक ओळ टीप लिहून ठेवली, तारखेसकट.